गिट सबमॉड्यूल: गाभा एक, अ‍ॅप दोन

शेताच्या बांधावरून फोन घेऊन चाललं की क्षेत्रफळ एकर-गुंठ्यांत दाखवणारं अ‍ॅप आम्ही बनवतो. अँड्रॉइड आमच्याकडे पुण्यात, आयओएस नाशिकच्या दुसऱ्या गटाकडे. गणिताचा गाभा मात्र एकच, सी प्लस प्लसमधला. एकाच वावराचं माप दोन भावांच्या फोनवर दोन-चार गुंठ्यांनी वेगळं आलं तर काय होईल, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. म्हणून तोच कोड दोन ठिकाणी कॉपी करून ठेवणं मला अजिबात मान्य नाही. आज ना उद्या कुणीतरी एकाच बाजूला दुरुस्ती करतो आणि तिथून वाटा फुटतात.

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, रेपो म्हणजे त्यातला कोडचा साठा. गाभ्याची रेपो आम्ही वेगळी ठेवली आणि दोन्ही अ‍ॅपमध्ये गिट सबमॉड्यूल म्हणून, म्हणजे रेपोच्या आत दुसरी रेपो म्हणून, जोडली. पाचपैकी चार गुण देईन.

चार कशासाठी? अ‍ॅपच्या रेपोत गाभ्याचा कोड साठवला जात नाही, फक्त एका ठरावीक कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) हॅश, म्हणजे ओळखक्रमांक, नोंदला जातो. दोन्ही अ‍ॅपमधले हॅश जुळले की गणित तेच, याची खात्री पटते. गाभा बदलला म्हणून अ‍ॅप आपोआप बदलत नाही. आपण तपासून पुढच्या कमिटवर नेतो तेव्हाच बदलतं. जमिनीच्या मापात मला हेच हवंय.

एक गुण कापला तो मुळातल्या सेटिंगमुळे. नवा माणूस रेपोचा साधा क्लोन (स्वतःकडे प्रत) करतो आणि गाभ्याचा फोल्डर रिकामा निघतो. क्लोनला ‘रिकर्स सबमॉड्यूल्स’ हा पर्याय द्यावा लागतो. अपडेट केल्यावर सबमॉड्यूल कुठल्याच ब्रँचवर (कामाच्या शाखेवर) नसतं. तिथे तसंच कमिट करून पुढचं अपडेट चालवलं की ते काम नजरेआड होतं, मग रिफलॉग (गिटमधली हालचालींची नोंदवही) धुंडाळत बसा. सगळ्यात तापदायक म्हणजे गाभा पुश न करता (सर्व्हरवर न पाठवता) अ‍ॅप पुश होऊ शकतं. नोंदलेला कमिट सर्व्हरवर नाही म्हटल्यावर समोरच्याचं बिल्ड अडकणारच.

यावर उपाय गिटमध्येच आहेत, चालू मात्र आपण करायचे. पुशचं ‘रिकर्स सबमॉड्यूल्स’ हे सेटिंग ‘चेक’वर ठेवलं की गाभा मागे राहिला असेल तर पुश थांबतं. ‘सबमॉड्यूल रिकर्स’ चालू केलं की पुल (सर्व्हरवरचे बदल आणणं) आणि चेकआउट (दुसऱ्या ब्रँचवर जाणं) यांच्याबरोबर गाभाही जागेवर येतो. डिफसाठी (फरक पाहण्यासाठी) सबमॉड्यूलचा ‘लॉग’ प्रकार निवडा, म्हणजे नुसत्या दोन हॅशऐवजी मधल्या कमिटची यादी दिसते. रिव्ह्यू करणाऱ्यासाठी हे फार मोलाचं आहे.

सबट्री हा गिटमधलाच दुसरा मार्गही वापरून पाहिला. त्यात कोड थेट रेपोतच येतो, नव्या माणसाला वेगळं काही शिकावं लागत नाही. बाहेरची, क्वचित बदलणारी लायब्ररी असेल तर मी तेच सुचवेन. पण आमचा गाभा दोन्ही बाजूंनी सतत बदलतो. बदल परत पाठवायचा तर सबट्रीची स्प्लिट ही आज्ञा सगळा इतिहास चाळत बसते, आणि इतिहास वाढेल तसा हा वेळही वाढतो.

दोन्ही अ‍ॅप एकाच गटाकडे असती तर सरळ एकच रेपो केली असती. आम्हाला ते शक्य नाही, कारण दोन्ही गटांना एकमेकांचा कोड पाहण्याची परवानगी नाही, गाभा तेवढा सामाईक.

तुमच्याही रेपो एकाच सर्व्हरवर शेजारी असतील, तर सबमॉड्यूलचा पत्ता पूर्ण न लिहिता सापेक्ष, म्हणजे अ‍ॅपच्या रेपोच्या पत्त्याच्या संदर्भाने, लिहा. मग कुणी एसएसएचने क्लोन करो वा एचटीटीपीएसने, गाभाही त्याच मार्गाने येतो.