पोस्टग्रेसचे लॉक आणि मागची सफाई: गुळाच्या एका हंगामानंतर

गेला अख्खा हंगाम आमचं अडतीचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस या डेटाबेसवर चाललं. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे सुरू झाले की काटा, दर, शेतकऱ्याची पट्टी, व्यापाऱ्याचं खातं अशा सगळ्या नोंदी एकदम येऊन आदळतात. बाकी दिवस निवांत. त्यामुळे वेगाची मला फिकीर नव्हती. दोन कारकुनांनी एकाच खात्याला एकाच वेळी हात घातला तर शिल्लक बरोबर राहते का, हे बघायचं होतं.

लॉकला, म्हणजे एका ओळीवर एका वेळी एकालाच लिहू देणाऱ्या कुलपाला, पैकीच्या पैकी गुण. शेटजी खातेवही उघडून बसलेत म्हणून काट्यावरची नोंद अडली, असं होत नाही. वाचणारा लिहिणाऱ्याला थांबवत नाही आणि उलटही नाही. एकाच ओळीवर दोघं लिहायला आले तर दुसरा थांबतो आणि पहिल्याचं कमिट झालं (व्यवहार पक्का झाला) की नव्या शिलकेवरून पुढे जातो. अट एकच: वजाबाकी अपडेट या बदल करणाऱ्या आज्ञेतच लिहिलेली हवी. शिल्लक आधी वाचली, प्रोग्राममध्ये वजा केली आणि आकडा परत लिहिला, तर रीड कमिटेड या अलगतेच्या मूळच्या पातळीवर (दर आज्ञेला तोवर कमिट झालेलं दिसतं) एकाची नोंद गुपचूप पुसली जाते. अशा ठिकाणी सिलेक्ट फॉर अपडेट (वाचतानाच ओळ लॉक करणारी आज्ञा) लावावं.

डेडलॉकही व्हायचे, म्हणजे दोन व्यवहार एकमेकांच्या लॉकसाठी अडून बसायचे. एका नोंदीत आधी शेतकरी मग व्यापारी, दुसरीत उलटं. पोस्टग्रेस एक सेकंद वाट बघून तपासतं आणि एकाला बाहेर काढतं. खाती कायम क्रमांकाच्या चढत्या क्रमाने लॉक करायला लागल्यावर प्रश्न मिटला. शेतकऱ्यांना दराचे एसएमएस पाठवणाऱ्या रांगेला स्किप लॉक्ड (लॉक असलेल्या ओळी सोडून पुढे जा) लावलंय, ते तर नाद खुळा चालतं.

चाचणीला सगळे आधी पीजीबेंच हे पोस्टग्रेससोबत येणारं वेग मोजायचं साधन काढतात. त्याची तयार चाचणी स्केल १ वर (सर्वांत लहान डेटावर) चालवली तर ब्रँचच्या टेबलात एकच ओळ असते आणि सगळे क्लायंट तिच्यापाशीच रांग लावतात. स्केल निदान क्लायंटइतकं ठेवा, असं मॅन्युअलच सांगतं. त्यातून वेग कळतो, चूक सापडतेच असं नाही. त्यासाठी पोस्टग्रेसच्या सोर्समधला आयसोलेशन टेस्टर वापरा. दोन सत्रांच्या तीन-तीन पायऱ्या लिहून दिल्या की तो सगळे २० क्रम स्वतः चालवतो आणि कोण कुठे थांबलं ते दाखवतो. याचं कौतुक फार कमी होतं.

तक्रार आहे ती सफाईबद्दल. अपडेट म्हणजे इथे ओळीची नवी प्रत. जुनी मेलेली प्रत नंतर काढावी लागते. आमच्या पावती क्रमांकाच्या टेबलात ओळ एकच. एका खिडकीत रिपीटेबल रीडमध्ये (व्यवहारभर सुरुवातीचंच चित्र दिसणारी पातळी) बिगिन करून, म्हणजे व्यवहार उघडून, एक सिलेक्ट मारा आणि तसंच सोडा. दुसरीकडून तो क्रमांक सतत वाढवत राहा. मग व्हॅक्यूम व्हर्बोज (तपशील दाखवणारी सफाईची आज्ञा) चालवा: एका ओळीच्या टेबलात हजारो मेलेल्या प्रती, आणि त्या अजून काढता येत नाहीत असा शेरा. अपडेटही हळूहळू जड होत जातं. पहिल्या खिडकीत कमिट करून पुन्हा व्हॅक्यूम चालवलं की सगळं साफ. रीड कमिटेडमध्ये नुसतं सिलेक्ट करून बसलेलं सत्र असं अडवत नाही, पण त्याने काही लिहून कमिट केलं नसेल तर तेही अडवतं. आमच्याकडे हे काम महिन्याच्या अहवालाची खिडकी करायची. कोणीतरी ती उघडी ठेवून जेवायला जायचं. आयडल इन ट्रान्झॅक्शनची (व्यवहार उघडा ठेवून नुसतं बसलेल्या सत्राची) मुदत लावली की अशी सत्रं तुटतात, पण ही मुदत मुळात बंद असते. ती चालू का नाही, हे मला अजून पटलेलं नाही.

मोठ्या टेबलांना ऑटोव्हॅक्यूमचा, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सफाईचा, मूळचा हिशेब ढिला पडतो: ५० ओळी अधिक टेबलाचे २० टक्के. म्हणजे १० लाख ओळींच्या खातेवहीत दोन लाखांवर मेलेल्या प्रती साचेपर्यंत तो हलत नाही. तेवढ्या टेबलापुरतं प्रमाण २ टक्क्यांवर आणा. आणि फाइल लहान करायची म्हणून सौद्याच्या वेळी व्हॅक्यूम फुल चालवू नका, तो वाचणाऱ्यांनाही बाहेर उभं करतो.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवरून येत असाल तर एक लक्षात ठेवा. तिथल्या इनोडीबी या साठवणीच्या इंजिनाची मूळ पातळीच रिपीटेबल रीड. इथे त्याच पातळीवर, तुम्ही वाचलेली ओळ मध्येच दुसऱ्याने बदलली असेल तर तिच्यावरचं तुमचं अपडेट ४०००१ एरर देऊन पडतं. अख्खा व्यवहार पहिल्यापासून परत चालवणारा कोड आधी लिहून ठेवा, मगच स्थलांतर करा.