पिकअपचं नाक उचलणारं लेव्हलिंग किट: कोणतं घ्यावं, किती इंचांचं घ्यावं

रिकाम्या पिकअपची मागची बाजू साधारण दीड-दोन इंच वर असते, आणि ती मुद्दाम तशी ठेवलेली असते. हौद्यात माल पडला की मागचे पाटे बसतात आणि गाडी सपाट होते. लेव्हलिंग किट पुढची बाजू उचलून रिकामी गाडीही सपाट दिसेल असं करतं. गाडी नेहमी भरलेली किंवा ट्रेलर ओढत धावत असेल, तर पुढून पूर्ण उचलू नका. माल चढला की नाक वर जातं, स्टिअरिंग हलकं पडतं, दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. अशा गाडीत अर्धा-पाऊण इंच उतार राहू द्यावा.

आधी माप. सपाट जागी, चारही टायरांत बरोबर हवा भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीजही मापात येते. मडगार्डच्या कडा पुढे-मागे एकाच उंचीवर असतातच असं नाही, म्हणून चासीचा उतारही बघून घ्या. डावी-उजवी बाजूही वेगवेगळी मोजा. दोन्हींत फरक असेल तर आधी बसलेली स्प्रिंग शोधा, स्पेसरने (उंची वाढवणाऱ्या जाड चकतीने) तो झाकू नका.

बहुतेक पिकअपना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं वर-खाली होणारं) आणि कॉइल स्प्रिंगच्या आतून जाणारा शॉकॅब्जॉर्बर असतो. त्यासाठी सगळ्यात सोपं किट म्हणजे शॉकच्या माथ्यावर बसणारा स्पेसर. स्प्रिंग उघडावी लागत नाही आणि चाल जवळपास मूळचीच राहते. शॉक लोअर आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या, मधोमध कुठेतरी बसतो, त्यामुळे एक इंच जाडीच्या स्पेसरने चाक साधारण पावणेदोन-दोन इंच खाली सरकतं. किटवर लिहिलेला आकडा उंचीचा आहे की जाडीचा, हे विचारूनच घ्या. इथेच सर्वात जास्त घोळ होतो. या प्रकाराची खरी मर्यादा चाक लोंबकळताना दिसते. शॉकची जोडणी लांबल्यामुळे चाक पूर्वीपेक्षा जास्त खाली जातं, अप्पर आर्म (वरचा दांडा) कॉइलला घासू शकतो, आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट कोनाच्या टोकाला पोहोचतो.

दुसऱ्या प्रकारचा स्पेसर स्प्रिंगच्या वर, शॉक-स्प्रिंगच्या जोडणीच्या आत बसतो आणि स्प्रिंग आधीच दाबून ठेवतो. 'स्प्रिंग कडक झाली' अशी याची तक्रार असते, पण कारण वेगळं आहे. स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो. शॉकची पूर्ण लांबी न बदलता गाडी वर गेल्यामुळे खाली जायची चाल कमी उरते. खड्ड्यात चाक उतरलं की शॉक टोकाला आपटून 'टक्' वाजतो. शिवाय बसवायला स्प्रिंग कंप्रेसर लागतो. हा प्रकार मी टाळायला सांगेन.

मूळ शॉकमधून तेल गळत असेल किंवा ते थकले असतील, तर कोणताच स्पेसर घेऊ नका. उंची बदलता येणारा शॉक-स्प्रिंगचा पूर्ण सेट घ्या. महाग पडतो, पण चाल आणि उंची दोन्ही एकदमच सुटतात. टॉर्शन बारच्या (कॉइलऐवजी पिळला जाणारा दांडा स्प्रिंगचं काम करतो अशा) गाडीत यातलं काहीच नाही, तिथे बारची 'की', म्हणजे दांड्याच्या टोकाचा खाचेचा तुकडा, बदलतात. पुढे सलग एक्सल असेल तर उंचीबरोबर एक्सल बाजूला सरकतो, तेव्हा ट्रॅक बारचा (एक्सलला बाजूला सरकू न देणाऱ्या दांड्याचा) ब्रॅकेटही लागतो.

माझ्या मते दीड ते दोन इंच ही शहाणी मर्यादा. त्यापुढे फोर बाय फोरमध्ये एक्सलच्या जॉइंटचा कोन वाढतो, रबरी बूटच्या घड्या एकमेकींना घासतात आणि तो फाटतो. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले तर समजा बूट गेला. अडीच इंचांना कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) इतका कमी होतो की मूळ अप्पर आर्मने अलाइनमेंट बसेलच असं नाही. बदली आर्मचा खर्च आधीच धरा.

बसवताना शॉकच्या मधला मोठा नट चुकूनही सोडू नका, दाबलेली स्प्रिंग तोंडावर येऊ शकते. बाजूचे माथ्याचे नटच काढायचे. अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक दोन्हीकडच्या सोडा, नाहीतर आर्म खाली येत नाही. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणू देऊ नका. नकल (चाकाचा हब धरणारा भाग) तारेने बांधून ठेवा. सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते आर्मच्या रबरी बुशकडे. त्यांचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असताना घट्ट केले, तर खाली उतरताच रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चाकांवर वजन आल्यावरच टॉर्क पान्याने (ठरलेला ताण मोजून देणाऱ्या पान्याने) शेवटचा ताण द्या. नायलॉनचे लॉकनट नवे वापरा.

त्यानंतर लगेच अलाइनमेंट, मग दिव्यांची उंची. काचेमागे चालकाला मदत करणारा कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशनही. शंभरेक किलोमीटर झाल्यावर स्पेसरचे सगळे नट पुन्हा टॉर्कने तपासा.