कोल्हापुरातल्या सुभाषनगरातलं पायताणाचं दुकान: चप्पल उत्तम, रविवारी बंद

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण त्याला नाव नाही. पत्र्यावर रंगानं 'पायताण करून मिळेल' एवढंच लिहिलंय. मी रिव्ह्यू लिहिणार म्हटल्यावर दुकानदार, ज्यांना मी मामा म्हणते, म्हणाले, "लिवा की. पर आमचं नाव नको. पायताणाचं लिवा." का नको, ते पुढं येईलच. सुभाषनगरात शिरल्यावर कातड्याचा वास यायला लागला की कुणालाही विचारा, रविवारी बंद असतं ते दुकान कुठलं. सगळे दाखवतात. काही जण हसून दाखवतात.

मी दोन जोड करून घेतले. भावाच्या लग्नासाठी एक कापशी, हा कोल्हापुरीचाच एक प्रकार, आणि मला रोज बँकेत घालायला एक साधा. कापशी दोन हजार दोनशे, माझा चौदाशे. घासाघीस नाही. मी शंभर कमी करा म्हटलं, तर मामांनी जोड उलटा करून तळ दाखवला: म्हशीचं कातडं, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, शिलाई चामड्याच्या वादीची, एकही खिळा नाही. "आता सांगा, ह्यातलं काय कमी करू?" मी गप्प पैसे दिले.

चप्पल लाईनीत, म्हणजे शहरातल्या चपलांच्या बाजारात, यापेक्षा स्वस्त मिळतात, हे मान्य. पण तिथं हातानं केलेलं कुठलं आणि मशीनमधून निघालेलं कुठलं हे ओळखायला तुम्हाला डोळा पाहिजे. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. तेव्हापासून तर 'ओरिजिनल' हा शब्द रेक्झिनच्या चपलांवरही दिसतो. मामांकडं दोन जोड बाहेरून आणलेले होते. मी हातात घेतल्याबरोबर न विचारता म्हणाले, "त्ये आमचं न्हाई. मशीनचं हाय. चारशेला देतो." असं सांगणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही.

आता तक्रारी. तीन आठवडे सांगितले, पाच लागले. फोन केला की "शनवारी या" म्हणतात, कुठल्या शनिवारी ते सांगत नाहीत. डावी चप्पल पहिले आठ दिवस चावली, अंगठ्याजवळ फोड आला. रोज रात्री तेल लावून ठेवा म्हणाले, लावलं, तिसऱ्या आठवड्यात पायाला अशी बसली की आता काढावीशी वाटत नाही. पावसात मात्र घालू नका. भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात ठेवलीत तर पापड होईल.

वेणी बघा, वेणी. पट्ट्यावरची बारीक वेणी मामींच्या हातची आहे. या धंद्यात ते काम बहुतेक बायकाच करतात, पण इथं आणखी एक कारण आहे. मामांच्या उजव्या हाताचं मधलं बोट सरळ होत नाही.

ते कसं झालं हे मला तिसऱ्या फेरीला कळलं. आत भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर बायबलमधलं वचन छापलेलं. मी ते वाचताना मामांनी पाहिलं आणि विचारलं, "मंडळीतल्या काय तुम्ही?" मंडळी म्हणजे चर्च. मी हो म्हटलं. इतक्या हळू म्हटलं की माझं मलाच कळलं. माझं आडनाव असं आहे की कुणाला पत्ता लागत नाही, आणि मीही लागू देत नाही.

मामा ज्या गावचे, तिथं रविवारी संध्याकाळी त्यांच्या घरी सहा-सात माणसं बसायची. एक गाणं, थोडं वाचन, प्रार्थना. साधारण बारा वर्षांपूर्वी एका रविवारी पंचवीस-तीस जण आले. शास्त्रं, म्हणजे बायबलं, गटारात टाकली. मामांनी एक उचलायला हात घातला, त्या हातावर काठी बसली. तक्रार दिली, पुढं काही झालं नाही. मग वाण्यानं माल द्यायचं बंद केलं, दूध बंद झालं, गिऱ्हाईक तुटलं. तरी अकरा महिने गाव सोडलं नाही.

"भीती वाटली न्हाई?" मी विचारलं.

"वाटली की. मी म्हंजी काय पेत्र लागून गेलो? आन त्यो बी एकदा भ्यालाच की."

पेत्र म्हणजे येशूचा शिष्य, त्याच्यावर मामांचा जीव आहे. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, नववा अध्याय, शेवटचं वचन: यापोत पेत्र ज्याच्या घरी बरेच दिवस राहिला तो शिमोन कातडी कमावणारा होता. मी हे शंभर वेळा ऐकलं असेल, माझ्या डोक्यात कधी राहिलं नव्हतं. मामांना मात्र त्या घराचा वाससुद्धा येतो. "आमच्या घरात उतरलावता त्यो," म्हणतात.

काठीपेक्षा जास्त दुखलं ते दुसरंच, आणि त्याबद्दल मामा कमी बोलतात, मुलगी बोलते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीची सवलत हिंदूंना आहे, १९५६ पासून शिखांना, १९९० पासून बौद्धांना. ख्रिस्ती झालात की गेली. त्यामुळं बाप्तिस्मा घेऊनही कागदावर जुनंच ठेवणारी माणसं पुष्कळ आहेत, आणि पोटाचा प्रश्न असताना त्यांना नावं ठेवायचा मला काय अधिकार? मामांनी मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मवर खरं ते लिहिलं. फी पुरी भरावी लागली. तिनं कॉलेज एक वर्ष थांबवलं, मग दुकानात बसून, हिशेब बघत, पदवी पुरी केली. ती बिल करताना मला म्हणाली, "पप्पांची साक्ष, फी माझी." मामा ऐकत होते. काही बोलले नाहीत, फक्त कातडं कापायची रापी दगडावर घासत राहिले. मला वाटतं तिचंही बरोबर आहे.

मामी तर मामांच्या नंतर पाच वर्षांनी मंडळीत आल्या. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांच्या घरी असंच झालं होतं, त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००. मी हे सांगितल्यावर मामी म्हणाल्या, "मंग बरं झालं. मला वाटलं मीच येडी."

एक गोष्ट मात्र पायताणाच्या रिव्ह्यूत बसते. मामा माप घेताना कागदावर पाऊल ठेवायला लावतात, गुडघ्यावर बसून पेन्सिलनं कड काढतात आणि तो कागद वहीत चिकटवतात. त्या वहीत एक मोठं पाऊल त्यांनी मला दाखवलं. गावात त्या संध्याकाळी चालून आलेल्यांतला एक माणूस. मुलाच्या लग्नासाठी जोड करायला आला, कुणाचं दुकान ते त्याला ठाऊक नव्हतं.

"वळखलं त्यानं?"

"मी खाली वाकल्याव वळखलं. बोट बघून. मी त्याला दारातच वळखलंवतं."

"मग?"

"मग काय. दुसरा पाय ठेवा म्हटलं."

"पैसे?"

"सगळ्यास्नी जेवढं, तेवढं."

मला वाटलं होतं, सूट दिली म्हणतील किंवा फुकट दिलं म्हणतील. आमच्या उपासनेत असली साक्ष ऐकायची सवय असते. मी तसं म्हटल्यावर मामा जरा चिडलेच. "फुकट का द्यायचं? त्यो काय भीक मागाय आलावता? गिऱ्हाईक हुता." तो माणूस नंतर पुन्हा आला नाही. मामांनी त्याचं माप ठेवलंय, कारण सगळ्यांचंच ठेवतात.

नाव का नको, तर गावात अजून भाऊ राहतो. एवढंच कारण.

बँकेत दुपारी डबा खाताना ख्रिस्ती होणाऱ्यांचा विषय अधूनमधून निघतो. कुणी म्हणतं, पैसे घेऊन बदलतात. कुणी म्हणतं, हे नवीनच खूळ निघालंय. मिशनरी वाइल्डर साहेब कोल्हापुरात १८५२ साली आले, त्यांच्या नावाचं चर्च याच शहरात आहे, हे मला तोंडपाठ. तरी मी वर्षानुवर्षं भाकरी चावत बसते.

गेल्या आठवड्यात शेजारच्या काउंटरवरच्या मॅडमनी माझी चप्पल उचलून बघितली. वेणीवर बोट फिरवलं. कुठली, कितीला, सगळं विचारलं आणि म्हणाल्या, "रविवारी जाऊ या की दोघी. सुट्टी असते."

"रविवारी बंद असतं," मी म्हटलं.

"रविवारी? धंद्याच्या दिवशी? का गं?"

डब्यात एक घास राहिला होता. तो तसाच ठेवला. "चर्चला जातात ते," मी म्हटलं. "मीपण जाते."

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. मग शनिवारी?"

शनिवारी सहापर्यंत उघडं असतं. सुट्टे पैसे न्या, मामांना फोनवरून पैसे घेणं जमत नाही, मुलगी असली तरच. पाचपैकी चार तारे. एक त्या दोन आठवड्यांचा कापला.