‘फायर-रेटेड बॉक्स’च्या नावाखाली भिंतीला पडलेले भोक

बडोद्यात कारेलीबाग भागातल्या आमच्या बहुमजली सोसायटीत लिफ्टच्या लॉबीतल्या अग्निरोधक भिंतीत सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा एनव्हीआर, नेटवर्क स्विच आणि इंटरकॉमची यंत्रणा आत बसवून देण्याचे काम एका इंटिरियर ठेकेदाराने घेतले. त्यासाठी त्याने ‘१२० मिनिटांचा फायर-रेटेड बॉक्स’, म्हणजे तेवढा वेळ आग थोपवणारी पेटी, या नावाखाली ८८,००० रुपये घेतले आणि प्रत्यक्षात भिंत कापून त्यात प्लायवूडची पेटी व सहज पेटणारा फोम भरून दिला. पैसे गेले हे आहेच, पण जी भिंत आधी धड होती तीही त्याने निकामी केली. मे २०१९ मध्ये सुरतेच्या तक्षशिला इमारतीला आणि मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनला लागलेल्या आगींनंतर गुजरातमध्ये फायर एनओसीच्या, म्हणजे अग्निसुरक्षेच्या ना-हरकत दाखल्याच्या, तपासण्या कडक झाल्या. ते योग्यच झाले, पण त्याबरोबर प्रत्येक वस्तूच्या नावामागे ‘फायर’ जोडून दुप्पट भाव सांगणाऱ्यांचेही चांगलेच फावले आहे.

ही भिंत लॉबी आणि विजेच्या केबल्सची शाफ्ट, म्हणजे सर्व मजल्यांतून जाणारी उभी पोकळी, यांच्यामध्ये आहे. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागानुसार अशा शाफ्टभोवतीचे आवरण १२० मिनिटे आग थोपवणारे असावे लागते, कारण शाफ्टमध्ये लागलेली आग धुराड्यातून चढावी तशी वरच्या मजल्यांवर पोहोचते. आमच्या बिल्डरने ही भिंत विटांची न बांधता स्टीलच्या स्टडवर, म्हणजे उभ्या पट्ट्यांवर, दोन्ही अंगांना जिप्समच्या अग्निरोधक बोर्डाचे दोन-दोन थर आणि मधल्या पोकळीत रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली न जळणारी लोकर, अशी केली होती. जिप्समच्या वजनात सुमारे २१ टक्के पाणी रासायनिक रूपाने बांधलेले असते. आगीच्या उष्णतेने ते वाफ होऊन सुटत राहते आणि जोवर ते संपत नाही तोवर बोर्डाच्या मागच्या बाजूचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर चढत नाही. बोर्डात मिसळलेले काचतंतू पाणी उडून गेल्यावरही जिप्समला तडकून गळू देत नाहीत. म्हणजे १२० मिनिटे हा गुण एकट्या बोर्डाचा नसून थर, स्टड, स्क्रूमधील अंतर, सांध्यांची जागा आणि रॉकवूल या सगळ्यांच्या ठरावीक जुळणीचा असतो, आणि ती जुळणी प्रयोगशाळेत जशी भट्टीसमोर उभी करून तपासली तशीच जागेवर असेल तरच त्या चाचणीचा अहवाल त्या भिंतीला लागू पडतो.

ठेकेदार बोलण्यात गोड आणि माहितीत पक्का होता. सोसायटीच्या समितीसमोर त्याने लॅपटॉप उघडून अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय इमारत संहितेतले कलम दाखवले आणि अग्निरोधक भिंतीत विजेचे बॉक्स बसवायला तिथेही परवानगी आहे, असे सांगितले. आमच्या इमारतीत राहणाऱ्या, आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीच्या सेफ्टी विभागातून निवृत्त झालेल्या काकांनी शंका काढली, तेव्हा त्याचे उत्तर होते, “चिंता ना करो काका, बधुं फायर-रेटेड छे,” म्हणजे सगळे फायर-रेटेड आहे. त्याने दाखवलेले कलम खरे आहे, पण त्यातला जो भाग त्याने वाचला नाही तोच महत्त्वाचा आहे. ही सूट पोलादी बॉक्सला आहे आणि तोही १६ चौरस इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे १०३ चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठा चालत नाही. भिंतीच्या दर १०० चौरस फुटांत अशा सर्व छिद्रांचे मिळून क्षेत्रफळ १०० चौरस इंचांच्या आत राहावे लागते, बॉक्स आणि बोर्ड यांच्यातली फट ३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे एक अष्टमांश इंचापर्यंतच चालते आणि भिंतीच्या समोरासमोरच्या अंगांवरचे बॉक्स एकमेकांपासून किमान २४ इंच दूर ठेवावे लागतात किंवा अग्निरोधक पुट्टीचे पॅड लावून झाकावे लागतात. थोडक्यात, ही सवलत स्विचच्या किंवा प्लगच्या बॉक्ससाठी आहे. आमच्या भिंतीत त्याने कापलेली जागा ६०० बाय ५०० मिलिमीटरची होती, म्हणजे ३,००० चौरस सेंटिमीटर, त्या मर्यादेच्या जवळजवळ २९ पट.

कोटेशनसोबत त्याने तीन कागद जोडले होते, आणि इतरांनी नीट समजून घ्यावा असा भाग हाच आहे, कारण त्या तिन्हींपैकी एकही कागद बनावट नव्हता. पहिला होता आयएस ५५०९ या भारतीय मानकाचा, प्लायवूडच्या परवान्याचा. हे मानक आग पकडायला वेळ लावणाऱ्या, रसायन मुरवलेल्या प्लायवूडचे आहे. त्यात प्लायवूडच्या तुकड्यांची चाचणी होते, भिंतीची नव्हे. आग उशिरा पकडणे आणि आग पलीकडे जाऊ न देणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा कागद एका प्रयोगशाळेचा १२० मिनिटांचा अहवाल होता. त्यातली भिंत आमच्यासारखीच होती, पण अखंड. तिच्यात कोठेही बॉक्स किंवा छिद्र नव्हते, आणि निष्कर्ष फक्त तपासलेल्या नमुन्यापुरता आहे, असे वाक्य अहवालातच छापलेले होते. तिसरा कागद अमेरिकेतल्या यूएल या चाचणी संस्थेच्या यादीतल्या एका फायरस्टॉप पद्धतीचा, म्हणजे भिंतीतून नळ-केबल्स जातात ती छिद्रे आगीविरुद्ध बंद करण्याच्या पद्धतीचा, होता आणि त्या पद्धतीच्या क्रमांकाची सुरुवात ‘सी-एजे-१’ अशी होती. या क्रमांकाची रचना समजली की बनवाबनवी लगेच उघडी पडते. पहिले अक्षर ‘सी’ म्हणजे ती पद्धत जमीन आणि भिंत दोन्हींसाठी, ‘ए’ म्हणजे काँक्रीटची जमीन, ‘जे’ म्हणजे काँक्रीटची किंवा विटा-ब्लॉकची भिंत आणि १ ने सुरू होणारे चार आकडी क्रमांक म्हणजे धातूचे नळ. स्टडवरच्या जिप्समच्या भिंतीतून जाणाऱ्या केबल्ससाठी ‘डब्ल्यू-एल-३’ ने सुरू होणारी पद्धत लागते. म्हणजे आमच्या हातात दिलेला कागद भिंतीच्या जातीतही चुकीचा होता आणि आत जाणाऱ्या वस्तूतही. खोटा कागद निदान शिक्का-सही ताडून पकडता येतो, पण खराखुरा आणि दुसऱ्याच वस्तूचा कागद समितीच्या बैठकीत पकडला जात नाही, आणि या धंद्यातली फसवणूक बहुतेक करून अशीच होते असे माझे मत झाले आहे.

काम दिसायला देखणे झाले. लॅमिनेट लावलेला दरवाजा, आत दिव्याची पट्टी, बाजूला ‘१२० मिनिटे’ असे चकचकीत स्टिकर. त्यानंतर एनओसीच्या नूतनीकरणासाठी आलेल्या फायर सेफ्टी ऑफिसरांनी दरवाजा उघडून पाहिला आणि भिंतीच्या अहवालाऐवजी या छिद्राचा अहवाल मागितला. आम्ही तिन्ही कागद पुढे केले. त्यांनी ते वाचून परत दिले आणि कनिष्ठ अभियंत्याकडून भिंत उघडून तपासून घ्यायला सांगितले.

उघडल्यावर जे दिसले ते असे. पेटी आयएस ५५०९ च्या प्लायवूडची नव्हतीच. फळीवर ना आयएसआयचे चिन्ह होते ना त्याखाली असावा लागणारा सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. साधे कमर्शियल प्लाय होते. कापलेल्या जागेच्या कडा झाकण्यासाठी लावलेल्या बोर्डाच्या पट्ट्या गुलाबी दिसत होत्या, कारण आपल्याकडे अग्निरोधक बोर्डाचा कागद बहुधा गुलाबी असतो. पण एका पट्टीचा कोपरा तोडला तेव्हा तुटलेल्या कडेत काचतंतू नव्हते आणि गुलाबी रंगामागचा कागद पांढुरका होता. साध्या बोर्डावर गुलाबी डिस्टेंपर फासले होते. मधले रॉकवूल काढून टाकले होते आणि मधला एक उभा स्टड कापून तसाच लोंबकळत सोडला होता. पेटी आणि बोर्ड यांच्यातल्या फटींत, तसेच केबल्सच्या जुडग्याभोवती, फसफसून फुगणारा पॉलियुरेथेन फोम भरून वरून लाल रंग दिला होता. त्या फोमचा रिकामा डबा कारागीर फॉल्स सीलिंगवर विसरून गेले होते, आणि डब्यावर जर्मन वर्गीकरणानुसार ‘बी ३’ असे छापलेले होते. त्या वर्गीकरणात बी १ म्हणजे अवघड पेटणारा, बी २ म्हणजे सर्वसाधारण आणि बी ३ म्हणजे सहज पेटणारा. अस्सल बी १ फोम वापरला असता तरी तो अरुंद, सरळ सांध्यांसाठी तपासलेला असतो. केबल्सच्या जुडग्याभोवती लागते ते उष्णतेने फुगून जळालेल्या आवरणाची जागा भरून काढणारे सीलंट किंवा पुट्टी.

याहून घातक गोष्ट पेटीच्या पाठीमागे होती. बडोद्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि बंद पेटीत एनव्हीआर, हार्ड डिस्क, स्विच आणि अडॅप्टर यांची उष्णता बाहेर पडायला वाट लागते. ठेकेदाराने ‘व्हेंटिलेशन किट’ म्हणून वेगळे पैसे लावले होते. ते किट म्हणजे पेटीच्या मागच्या फळीतून आणि शाफ्टकडच्या दोन्ही बोर्डांतून आरपार पाडलेले एक गोल छिद्र, त्यावर एक जाळी आणि एक छोटा पंखा. विजेच्या केबल्सची उभी शाफ्ट त्यामुळे थेट लॉबीत उघडली गेली होती. शाफ्टमध्ये केबल जळाली असती तर धूर दरवाज्याच्या फटींतून त्याच लॉबीत भरला असता, जिथून रहिवाशांनी जिन्याकडे जायचे आहे. यंत्राला हवा हवी आणि भिंतीला अखंडपणा हवा, हा या कामातला मूळ पेच आहे. ‘आमच्या बॉक्सला दोन्ही आहे’ असे जो सांगतो त्याच्याकडे हवा येण्याच्या वाटेवर आगीत आपोआप मिटणारे झाकण, म्हणजे डॅम्पर, आहे का आणि त्याची चाचणी नेमकी अशाच भिंतीत झाली आहे का, एवढे विचारले तरी पुरते.

ठेकेदाराला बोलावले तेव्हा त्याने आधी कारागिरांवर ढकलले आणि मग भिंत परस्पर उघडल्याने हमी संपली असे सांगितले. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोंना त्याने उत्तर दिले नाही. त्याच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लावलेला होता आणि २४ या गुजरातच्या राज्य क्रमांकाने सुरू होणारा पंधरा अक्षरी जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नोंदणी क्रमांकही होता. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला तर नोंदणी आधीच रद्द झाल्याचे दिसले. ही तपासणी विनामूल्य आहे आणि चेक लिहिण्यापूर्वी करता येते. प्लायवूडवरचा सीएम/एल क्रमांकही भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अॅपवर तसाच ताडून पाहता येतो.

आम्ही तुटलेल्या पट्ट्या, फोमचा तुकडा आणि तो डबा पिशवीत बंद करून, मोजपट्टी लावून काढलेल्या फोटोंसह जपून ठेवले आहेत आणि भिंत बंद करण्यापूर्वी एका स्वतंत्र स्ट्रक्चरल अभियंत्याकडून लेखी पाहणी अहवाल घेतला आहे. भिंत एकदा पूर्ववत झाली की पुरावा भिंतीआड जातो, म्हणून रागाच्या भरात आधी दुरुस्ती करून घेण्याचा काही सदस्यांचा आग्रह समितीने मानला नाही. वकिलामार्फत नोटीस दिली, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तडजोड झाली नाही तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेले प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क नाही. अर्जात आम्ही ‘काम निकृष्ट झाले’ असे मोघम न लिहिता कोटेशनमधली प्रत्येक ओळ आणि तिच्यासमोर भिंतीत प्रत्यक्ष सापडलेली वस्तू अशी मांडणी केली आहे.

दुरुस्तीसाठी आलेल्या फायरस्टॉपच्या कामगारांनी छिद्रापुरता तुकडा चिकटवला नाही. त्यांनी स्टडपासून स्टडपर्यंतचा बोर्ड काढला, कापलेला स्टड बदलला, रॉकवूल परत भरले आणि दोन्ही अंगांना दोन-दोन थर असे लावले की वरच्या थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येऊ नये. केबल्स एका पोलादी कंड्यूटमधून (नळीतून) नेल्या, भोवती त्या जातीच्या भिंतीसाठी यादीत असलेल्या पद्धतीप्रमाणे रॉकवूल आणि सीलंट भरले आणि शेजारी पद्धतीचा क्रमांक, तारीख व काम करणाऱ्याचे नाव लिहिलेली पट्टी लावली.

यंत्रणा आता तळमजल्यावर सुरक्षारक्षकाच्या खोलीत, विटांच्या भिंतीवर बाहेरून टांगलेल्या जाळीदार लोखंडी रॅकमध्ये आहे. ती लॉबीतच हवी असा ज्यांचा आग्रह होता त्यांना अभियंत्याने दुसरा मार्ग सांगितला होता: अग्निरोधक भिंतीला न कापता तिच्यापुढे चार इंचांची वेगळी स्टडची चौकट उभी करायची, पेटी त्या पोकळीत बसवायची आणि हवा लॉबीच्याच बाजूने आत-बाहेर खेळू द्यायची. आमच्या लॉबीत त्यामुळे जिन्याकडे जाणाऱ्या वाटेची रुंदी कमी होत होती म्हणून ते केले नाही. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी ते जरूर करावे, मात्र ती चौकट जिन्याच्या आत घेऊ नये, कारण विजेचे पॅनेल जिन्यात ठेवायला संहितेची परवानगी नाही. ठेकेदाराने आयोगाकडे अद्याप लेखी उत्तर दिलेले नाही आणि पुढच्या सुनावणीची तारीख मिळाली आहे.