९७वे ऑस्कर : विजेत्यांना पंचेचाळीस सेकंद, बाकी सगळ्याला रान मोकळं

कोणाला ऑस्करची बाहुली मिळायला हवी होती आणि कोणावर अन्याय झाला, हा वाद इथे नको. टीव्हीवर बघायचा कार्यक्रम म्हणून ९७वा ऑस्कर सोहळा कसा होता, एवढंच बघू.

लॉस एंजेलिसच्या डॉल्बी थिएटरमध्ये २ मार्च २०२५ च्या संध्याकाळी झालेला हा सोहळा आपल्याकडे ३ मार्चला पहाटे साडेपाचपासून स्टार मूव्हीज आणि जिओहॉटस्टारवर थेट दिसत होता. आटोपायला सव्वानऊ वाजले. म्हणजे पावणेचार तास आणि पुरस्कार २३. पुरस्कार द्यायला आलेल्या कलाकारांची दोन वाक्यं, नामांकनांच्या चित्रफिती, पाकीट फोडणं, विजेत्याचं मंचापर्यंत चालत येणं आणि पंचेचाळीस सेकंदांचं मनोगत धरलं तरी एका पुरस्काराला चार मिनिटांच्या वर लागत नाहीत. २३ पुरस्कार दीड तासात बसतात. उरलेले सव्वादोन तास जाहिराती, गाणी, नाच, विनोद आणि आदरांजल्यांचे. वेळेची ओरड दरवर्षी होते आणि कात्री मात्र दरवर्षी त्या दीड तासालाच लागते. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

आधी चांगलं. अमेरिकी विनोदवीर कॉनन ओब्रायनचं हे पहिलंच ऑस्कर सूत्रसंचालन आणि त्याने ते उत्तम निभावलं. त्याचे विनोद बोचरे होते, पण समोर बसलेल्यांचा पाणउतारा करणारे नव्हते. प्रसंगाचं भान होतं. जानेवारीतल्या वणव्यांत शहर होरपळलं होतं; त्याने अग्निशमन दलाच्या लोकांना मंचावर आणलं, सभागृह त्यांच्यासाठी उभं राहिलं आणि मग त्यांच्याच तोंडून विनोद वदवून घेतले. टाळ्या घेऊन लगेच परत पाठवलं नाही, हे आवडलं. भारतातल्या प्रेक्षकांसाठी तो हिंदीत सकाळ आणि नाश्त्यावर दोन वाक्यं बोलला. उच्चार अडखळते होते, पण इथे लोक पहाटे उठून बघतात याची दखल तरी घेतली.

सगळ्या सोहळ्यात सर्वात जमून आलेला भाग म्हणजे वेशभूषेचा पुरस्कार. नेहमी इथे पाच नावं आणि पाच झलका भरभर उरकतात. यंदा पाचही चित्रपटांतला एकेक कलाकार मंचावर आला आणि आपल्या वेशभूषाकाराला उद्देशून बोलला. एल फॅनिंग, लिली-रोझ डेप, कॉनी नील्सन, जॉन लिथगो आणि चित्रपटातल्याच पोशाखात आलेला बोवेन यांग. अंगावरचा कपडा भूमिका उभी करायला कशी मदत करतो, हे तो कपडा घातलेल्या माणसाकडून ऐकणं वेगळंच. ‘विकेड’साठी पॉल टॅझवेलला पुरस्कार मिळाला. वेशभूषेचं ऑस्कर मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय पुरुष. सभागृह उठून उभं राहिलं. आपल्याला तर हा पुरस्कार घरचा वाटायला हवा. भारताचं पहिलं ऑस्कर १९८३ साली याच विभागात आलं, ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासोबत कोल्हापूरच्या भानू अथैया यांना. मूर्ती नीट जपली जावी म्हणून २०१२ मध्ये त्यांनी ती ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्याच स्वाधीन केली. छायालेखनालाही यंदा हीच पद्धत वापरली. मग संकलन, ध्वनी, रंगभूषा यांनी काय घोडं मारलंय? आवाज नेमका कसा बांधला हे कलाकाराला सांगता येणार नाही, पण संकलकाने आपलं काम कसं वाचवलं ते कुठलाही नट सांगेल.

आता वेळ कुठे गेला ते बघा. सुरुवातीला ‘विकेड’च्या नायिका आरियाना ग्रांदे आणि सिंथिया एरिव्होने गायलेली तीन गाणी सुरेल होती, आणि सोहळ्याची सुरुवात गाण्याने व्हावीच. पण यंदा नामांकन मिळालेली गाणी मंचावर गाऊ द्यायची नाहीत असं आधीच ठरलं होतं. त्याऐवजी काय, तर जेम्स बाँडला सलामी. मार्गारेट क्वालीचा नाच, मग लिसा, डोजा कॅट आणि रे या गायिकांचं एकेक जुनं बाँडगीत. निमित्त होतं बाँडच्या निर्मात्यांचा गौरव, जो नोव्हेंबरमध्येच वेगळ्या समारंभात झाला होता. त्या वर्षी एकही नवा बाँडपट नव्हता. ज्या पाच गाण्यांमधून एकाला पुरस्कार द्यायचा, ती ऐकवायची नाहीत आणि पन्नास वर्षांपूर्वीचं गाणं साग्रसंगीत सादर करायचं, याचं समर्थन कसं करायचं? २०२३ मध्ये ‘नाटू नाटू’ त्याच सोहळ्यात नाचून सादर झालं, म्हणून पुढे त्या गाण्याला पुरस्कार जाहीर झाला तेव्हा ते न ऐकलेला माणूस सभागृहात उरला नव्हता.

मनोगतांची गोष्ट सर्वात खटकते. सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरलेला एड्रियन ब्रॉडी साडेपाच मिनिटांहून अधिक बोलला. १९४३ मध्ये अभिनेत्री ग्रीअर गार्सनने केलेल्या लांबलचक भाषणाचा विक्रम त्याने मोडला. वेळ संपल्याचं सांगणारं संगीत सुरू झालं, तेव्हा त्याने हात दाखवून ते बंद करायला सांगितलं आणि वाद्यवृंद थांबलाही. नावाजलेल्या नटाला ही सवलत. २०२३ मध्ये ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ची निर्माती गुनीत मोंगा बोलायला पुढे झाली, तेव्हा मात्र तिच्यासाठी संगीत थांबलं नाही. लघुपटवाल्यांना आयुष्यात बहुधा एकदाच हा मंच मिळतो. यंदा अ‍ॅनिमेशन लघुपटाचा पुरस्कार इराणच्या शिरीन सोहानी आणि हुसैन मोलायेमी यांना मिळाला. व्हिसा शेवटच्या क्षणी हातात पडल्यामुळे ते सोहळ्याच्या जेमतेम काही तास आधी शहरात उतरले होते. त्यांना ब्रॉडीच्या वेळेतलं एक मिनिट दिलं असतं तर बिघडलं नसतं. नियम ठेवायचा तर पंचेचाळीस सेकंद सर्वांना ठेवा. त्यापेक्षा दीड मिनिट करा आणि एक नाच कमी करा.

दिवंगतांची आदरांजली नेटकी झाली. अभिनेते जीन हॅकमन नुकतेच गेले होते. त्यांच्याबद्दल मॉर्गन फ्रीमन मित्राच्या आपुलकीने बोलले आणि मग मोझार्टच्या ‘रेक्विएम’मधला ‘लाक्रिमोसा’. काही नावं सुटली, अभिनेते टोनी टॉड हे त्यातलं एक.

अमेरिकेत हुलू या स्ट्रीमिंग सेवेवर हा सोहळा पहिल्यांदाच थेट दाखवला गेला आणि तिथे फजिती झाली. सुरुवातीला अनेकांना लॉग-इनच होईना. शेवटी तर सर्वोत्कृष्ट अभिनेत्री आणि चित्रपट हे दोनच पुरस्कार उरले असताना कित्येकांचं प्रक्षेपण बंद पडलं. सोहळा लांबणार हे दरवर्षी माहीत असतं. मग प्रक्षेपणाची वेळ अर्धा तास जास्तीची राखून ठेवायला काय हरकत होती? हुलूने नंतर माफी मागितली. २०२९ पासून सोहळा यूट्यूबवर जाणार आहे, तिथे निदान घड्याळाची ही अडचण नसावी.

पुढच्या वेळी थेट बघणार असाल तर तारीख नीट बघा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात. सोहळा त्याआधी असेल आणि तिथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या संध्याकाळी सातला सुरू होत असेल, तर आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. त्या रविवारी किंवा नंतर असेल तर साडेचार. २०२४ ला साडेचार होते, २०२५ ला साडेपाच. तासाची ही गल्लत झाली की पहिला पुरस्कार हमखास हुकतो, आणि तो बहुतेक वेळा सहायक भूमिकेचा असतो. यंदा तो कीरन कल्किनला मिळाला.

एवढं जागरण नको असेल तर नंतर निवडून बघा. सुरुवातीची गाणी आणि कॉननचं पहिलं भाषण, वेशभूषा, लॅटव्हियाला पहिलं ऑस्कर मिळवून देणाऱ्या ‘फ्लो’ या अ‍ॅनिमेशनपटाचा पुरस्कार, फ्रीमन, आणि शॉन बेकरचं दिग्दर्शनाच्या पुरस्कारावेळचं भाषण. ‘अनोरा’ या एकाच चित्रपटासाठी एका रात्रीत चार बाहुल्या नेणाऱ्या या माणसाने मोठ्या पडद्यावर चित्रपट बघण्याची बाजू तळमळीने मांडली. ते अजिबात चुकवू नका. तासाभरात एवढं होतं. बाँडचा नाच खुशाल सोडा.