बीड बायपासचे घरभाडे एजंट: पाचपैकी दोन तारे

छत्रपती संभाजीनगरात बीड बायपास, सातारा परिसरातले एजंट फ्लॅट झटपट दाखवतात, हे मान्य. पण विद्यापीठात शिकायला आलेल्या येमेनी किंवा सुदानी मुलाचं नाव काढलं की ‘सोसायटी नाही म्हणते’. (आपल्याच माणसांना आडनाव विचारून गाळणारेही हेच.) निमित्त पोलिसी कटकटीचं. ती कटकट म्हणजे परदेशी भाडेकरू आल्यापासून २४ तासांत घरमालकानं त्याची माहिती देणारा, ऑनलाइन भरायचा फॉर्म ३ (२०२५ पर्यंतचा फॉर्म सी)! पासपोर्ट, व्हिसा, फोटो हाताशी ठेवा. करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी घरमालकानंच करायची. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. ती टाळली तर अटींच्या वादात भाडेकरूचं म्हणणं आधी धरतात. एजंट हे सांगत नाहीत. टोकन देण्याआधी सोसायटीचा नकार लेखी मागा.