तिरक्या पट्टीचा स्टार्टिंग ब्लॉक: खाच चुकली तर फायदा गेला

पोहण्याच्या शर्यतीत ज्या चौथऱ्यावरून सूर मारतात तो स्टार्टिंग ब्लॉक. तो सपाट असला की मागचा पाय निम्मा वाया जातो. पुढे रेटण्यासाठी त्याला फक्त घर्षणाचा आधार असतो, आणि तोही ओल्या पृष्ठभागावर. ओमेगा कंपनीच्या ओएसबी ११ या ब्लॉकने नेमकी ही अडचण सोडवली. त्याच्या मागच्या भागात ३० अंशांत तिरकी पट्टी आहे आणि ती पाच खाचांत पुढेमागे सरकते. ऑलिंपिकमध्ये २०१२ च्या लंडनपासून असेच ब्लॉक दिसतात.

हिशेब सोपा आहे. नियमाप्रमाणे ब्लॉकचा माथा पाण्याकडे जास्तीत जास्त १० अंश झुकलेला चालतो. तेवढा उतार दिला की पट्टी जमिनीशी ४० अंशांत येते आणि तिच्यावर काटकोनात दिलेल्या रेट्यातला सुमारे ६४ टक्के भाग आडवा, म्हणजे थेट पुढे लागतो. पाय सुटल्यावर हवेत वेग वाढवता येत नाही, त्यामुळे जे कमवायचे ते ब्लॉकवरच.

खाच निवडताना मात्र बहुतेकांची गल्लत होते. पुढच्या पायाची बोटे काठावर घट्ट वळवा, मागचा चवडा पट्टीवर ठेवा, टाच उचललेली. ‘टेक युअर मार्क्स’ या शर्यतीआधीच्या हुकमावर घेतलेल्या स्थितीत मागचा गुडघा ९० अंशांच्या आसपास असावा. पट्टी फार मागे गेली की गुडघा आधीच उघडलेला राहतो, ताणायला जागा उरत नाही आणि रेटा लवकर संपतो. फार पुढे आली तर पाय गच्च दुमडतो, कंबर वर जाते आणि शरीर पुढे जाण्याऐवजी खाली कोसळते. उंची बघून खाच ठरवू नका. मांडी आणि पोटरीची लांबी वेगवेगळी असते. दोन-तीन खाचांवर प्रत्येकी तीन-चार स्टार्ट घ्या, बाजूने व्हिडिओ काढा आणि डोके १५ मीटरवर पोचायला लागलेली वेळ मोजा. उडी किती लांब गेली हे मोजून फसगत होते. लांब उडून खोल बुडणारा पोहणारा पुढे सगळे गमावतो.

आणखी एक चूक पट्टीमुळेच वाढते. मागचा पाय आधी सुटतो, तो हवेत पुढच्या पायाशेजारी आणायला हवा. तो दुमडलेलाच राहिला तर हात, डोके, कंबर पाण्यात एकाच जागेतून शिरतात आणि गुडघा पाण्यावर आपटतो. तिथे जो फेस उडतो, तो म्हणजे गेलेला वेग.

रिलेत पट्टी कधी आडवी येते. पाऊल टाकत झेप घेणाऱ्याने ती शेवटच्या खाचेत सारावी. मात्र पुढच्या शर्यतीआधी ती परत न आणल्याने गोंधळ होतात. खटका पूर्ण बसला की नाही हे हाताने हलवून बघायचे, नजरेवर विसंबायचे नाही. पट्टीचा खरखरीत थर झिजला तर बदला. गुळगुळीत पट्टीवरून चवडा घसरतो.

ब्लॉक विकत घेण्याआधी तलावाची खोली बघा. ब्लॉक असलेल्या टोकाला भिंतीपासून १ ते ६ मीटर अंतरात निदान १.३५ मीटर खोली लागते, आणि नवशिक्यांसाठी तेवढीही अपुरी. माथा पाण्यापासून ०.५ ते ०.७५ मीटर उंच असतो. उथळ तलावात ०.७५ चा हट्ट नको.

नियमित स्पर्धा करणाऱ्या, नीट खोली असलेल्या तलावासाठी हा ब्लॉक घ्यावाच. जिथे मुले अजून सूर मारायला शिकत आहेत, तिथे पट्टी काढून ठेवलेली बरी.